मदत हवी आहे: टिपाणियाजींची कबीर भजनं ऐकायला एकटीने जाताना

नमस्कार मंडळी. दादरला प्रह्लादसिंह टिपाणिया (पद्मश्री, २०११) यांचा कार्यक्रम आहे, वेळ रात्री ८. सोबत कोणी नाही आणि परत जायचंय बदलापूरला. तिकीट आज-उद्या काढायचंय, म्हणून घाईने विचारते.

मुख्य प्रश्न जागेचा. एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल असं ते गातात. तंबुऱ्याची तार नाजूक असते. ढोलकचा माइक चढा ठेवला की ती आधी बुडते, मग शब्दही पुसट होतात. कडेच्या खुर्च्या स्पीकरच्या तोंडाशी येतात, तिथे तर फक्त ढोलक घुमतो. म्हणून सहावी ते दहावी रांग, मधला भाग बघतेय. पण मधून उठताना आठ-दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि भजन चालू असताना उठणं मनाला पटत नाही. लोकलसाठी १०:१५ ला निघावंच लागेल. मग त्याच रांगांत वाटेलगतची खुर्ची घेतली तर आवाजात फार फरक पडतो का?

दुसरं, माळवी, म्हणजे ते गातात ती मध्य प्रदेशातल्या माळवा भागातली बोली. म्हारो-थारो (माझं-तुझं) कळतं, 'हेली' म्हणजे सखी आणि 'सुरता' म्हणजे ध्यान हेही माहीत आहे. आणखी कोणते शब्द आधी बघून ठेवू? दोन भजनांच्या मध्ये ते अर्थ सांगतात, तो भाग अजिबात निसटू द्यायचा नाही.

शिवाय रात्री साडेदहानंतर दादरहून महिलांच्या डब्यात गर्दी कितपत असते? रोज जाणाऱ्यांनी कृपया सांगा.