मदत हवी आहे: सीएचएफएन फोन नंबर बदलू देतं, नाव नाही

डेबियन १२च्या (लिनक्सचा एक प्रकार) सामायिक सर्व्हरवर माझं खातं आहे. खात्यात आडनाव चुकीचं आहे आणि ऑफिसचा फोन जुना. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत जातो, त्यामुळे जे करायचं ते टर्मिनलवरच. सीएचएफएन (खात्यातलं नाव, फोन वगैरे बदलायची कमांड) चालवलं की पासवर्ड घेतं, पूर्ण नाव नुसतं दाखवतं आणि थेट खोली क्रमांकावर जातं. डॅश एफ देऊन नाव दिलं तर 'परमिशन डिनाइड'. डॅश डब्ल्यूने फोन मात्र लगेच बदलला. हीच कमांड घरच्या फेडोरावर (दुसरं लिनक्स) दिली तर डॅश डब्ल्यू ओळखतच नाही! सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, फक्त घरी आहे.

प्रतिसाद:
नाव अडतंय ते लॉगिन डॉट डेफ्स या सेटिंगच्या फाइलमुळे. ईटीसी फोल्डरात बघा, सीएचएफएन रिस्ट्रिक्ट अशी ओळ असेल. डेबियनमध्ये तिथे मुळातच आर, डब्ल्यू, एच एवढीच अक्षरं असतात: खोली, ऑफिसचा फोन, घरचा फोन. एफ नाही, म्हणून नाव बदलणं रूटकडे, म्हणजे अ‍ॅडमिनच्या खात्याकडे. हे मला योग्यच वाटतं. सामायिक मशीनवर कुणीही उठून दुसऱ्याचं नाव लावून बसलं तर पंचाईत. अ‍ॅडमिनला सांगा, त्यांचं एका ओळीचं काम आहे.

फेडोराचं कोडं वेगळं आहे. नाव एकच, प्रोग्रॅम दोन. डेबियन १२मधला शॅडो नावाच्या प्रोग्रॅम-संचातला, फेडोरातला युटिल-लिनक्स नावाच्या संचातला. तिकडे ऑफिसच्या फोनला डॅश पी. डॅश ओ तर जपूनच वापरा: फेडोरात त्याचा अर्थ ऑफिसची खोली, डेबियनमध्ये 'इतर माहिती', आणि तीही फक्त रूटला.

दुसरा प्रतिसाद:
अ‍ॅडमिन यूझरमॉड डॅश सी (खातं बदलायची दुसरी कमांड) वापरणार असतील तर आधीच सांगून ठेवा. ती कमांड पासडब्ल्यूडी या खात्यांच्या यादीच्या फाइलमधला पाचवा रकाना अख्खा बदलते. नुसतं नाव दिलं की स्वल्पविरामांनी जोडलेले खोली, फोन सगळे गेले. त्यापेक्षा सीएचएफएन डॅश एफ बरं. झाल्यावर गेटएंट पासडब्ल्यूडी आणि पुढे तुमचं यूझरनेम देऊन खात्री करा.

(त्या रकान्याला जीकॉस म्हणतात. बेल लॅब्जमधली युनिक्स मशीन छपाईची कामं जीकॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या मशीनकडे पाठवायची, तिथली ओळख ठेवायला हा रकाना होता. ते मशीन गेलं, नाव राहिलं.)

आणि मोबाइल नंबर त्या रकान्यात टाकूच नका. पासडब्ल्यूडी फाइल सर्व्हरवरच्या प्रत्येकाला वाचता येते.

धागाकर्ता:
अ‍ॅडमिनने आडनाव दुरुस्त करून दिलं, धन्यवाद. शेवटचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. मग फोनचा रकाना कोरा कसा करू?

दुसरा प्रतिसाद:
डेबियनवर डॅश डब्ल्यूपुढे रिकामी अवतरणचिन्हं द्या. फेडोरावर नुसतं सीएचएफएन चालवा आणि फोन विचारल्यावर 'नन' टाइप करा. तिथे नुसतं एंटर दाबलंत तर जुनाच नंबर राहील.