तैलरंगांचे मिश्रण-तक्ते आणि प्रत्यक्ष चित्रातील रंगजुळणी

जास्वंद (प्रश्न)

मी तैलरंगांचे मिश्रण-तक्ते नियमाने करते. पॅलेटवरचा प्रत्येक रंग इतर प्रत्येक रंगात मिसळायचा आणि त्या मिश्रणात टायटॅनियम व्हाइट वाढवत पाच पायऱ्या करायच्या, अशी माझी पद्धत आहे. मास्किंग टेपने आखलेल्या चौकटी नीट भरतात. परंतु समोर तांब्याची कळशी मांडून तिच्या सावलीतला तपकिरी रंग लावायला घेतला की, तक्त्यात जुळणारी चौकट सापडूनही कॅनव्हासवर तो रंग निराळाच दिसतो. शिवाय कॅडमियम रेड आणि अल्ट्रामरीन (निळा) यांच्यापासून जांभळा रंग मळकट येतो. हा सराव चित्राच्या उपयोगी पडावा यासाठी तो कसा करावा?

मधला_राखाडी

चौकटीचा शेजार आणि कॅनव्हासवरचा शेजार वेगळा असतो, हे याचे मूळ कारण आहे. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली हे सविस्तर मांडले होते. पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर मधला रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे आपण नकळत फिका रंग लावत जातो. कॅनव्हासला आधी मध्यम राखाडी रंगाचा पातळ थर द्यावा, आणि काचेच्या पॅलेटखाली त्याच राखाडीचा कागद ठेवावा.

जुळणी करताना मिश्रण पॅलेट नाइफच्या (रंग मिसळायच्या बोथट सुरीच्या) टोकावर घ्यावे, एक डोळा मिटावा आणि ते टोक कळशीच्या सावलीच्या अगदी कडेला दिसेल असे धरावे. नाइफ कळशीजवळ नेऊ नये. कॅनव्हासवर जो प्रकाश पडतो त्याच प्रकाशात ते असावे, आणि ओल्या रंगावरची चकाकी डोळ्यांत येणार नाही इतके तिरपे करावे. सर्वप्रथम फक्त उजळपणा पाहावा. तो जुळल्यावर रंग लालसर हवा की पिवळसर हे ठरवावे आणि तीव्रता शेवटी कमी करावी. उजळपणा चुकला असेल, तर बाकीचे दोन्ही बरोबर असूनही काहीही साधत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जवस_तेल

जांभळ्याविषयी सांगतो. कॅडमियम रेड नारिंगीकडे झुकणारा असल्याने त्यातला पिवळेपणा निळ्यात मिसळताच मिश्रण राखाडीकडे जाते. स्वच्छ जांभळा हवा असल्यास क्विनाक्रिडोन गटातला गुलाबीसर लाल, म्हणजे ट्यूबवर ‘पीव्ही १९’ असा रंगद्रव्याचा संकेतांक असलेला रंग घ्यावा. खऱ्या अलिझरिन क्रिमझनचा (पीआर ८३) मोह टाळावा, कारण पांढऱ्यात मिसळल्यावर तो उजेडाने लवकर फिका पडतो. ट्यूबच्या नावापुढे ‘ह्यू’ असे छापलेले असेल, तर आत बहुधा पर्यायी रंगद्रव्य असते. म्हणून तक्त्यावर रंगाच्या नावासोबत संकेतांक आणि कंपनीही लिहावी.

पाच पायऱ्या ओळीने करू नयेत. पहिली शुद्ध मिश्रणाची आणि पाचवी जवळजवळ पांढरी अशा दोन आधी कराव्यात, मग तिसरी आणि त्यानंतर उरलेल्या दोन. म्हणजे प्रत्येक वेळी दोन कडांमधला मध्य डोळ्यांनी शोधावा लागतो आणि खरा सराव तिथेच होतो.

खिडकीची_उत्तर_बाजू

वरील दोन्ही मते मला मान्य आहेत, मात्र सगळे तक्ते पूर्ण होईपर्यंत चित्र थांबवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कळशी रंगवायची असेल, तर त्या दिवशी फक्त बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि अल्ट्रामरीन यांचा एक तक्ता करावा. या दोघांपासून जवळजवळ काळ्यापासून उबदार तपकिरीपर्यंत सगळे गडद रंग मिळतात आणि कळशीची सावली त्यांतच सापडते. सावलीत पांढरा घालण्याची घाई करू नये, कारण टायटॅनियम व्हाइटने रंग फिका होतो, तसाच थंड आणि खडूसारखाही होतो.

तक्ता वाळल्यानंतर पुन्हा पाहावा. अंबर या गडद तपकिरी रंगासारखे मातकट रंग तेल शोषले गेल्याने निस्तेज आणि बदललेले दिसतात. त्यांवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचे तेल पुसले की मूळ खोली परत दिसते. तक्ते कपाटात बंद ठेवू नयेत, कारण अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. तसे झालेच, तर काही काळ उजेडात ठेवल्यावर तो पिवळेपणा बराच कमी होतो.

जास्वंद

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. राखाडी थर दिलेला कॅनव्हास आज वाळत ठेवला आहे. कळशीसाठी सिएना आणि अल्ट्रामरीन यांचा तक्ता आधी करीन, आणि नाइफने जुळवलेला रंग त्यातल्या कोणत्या चौकटीजवळ येतो याची नोंद तक्त्याच्या मागे ठेवीन.