कबड्डी संघाने शहरातल्या नव्या स्टेडियममध्ये जावं का?

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातला गावचा संघ. सराव देवळासमोरच्या मातीवर. शहरात बाजारपेठेलगत इनडोअर स्टेडियम झालंय, मॅटसकट. कायमचं तिकडे जावं की गावातच राहावं?

रेडर_७: मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी जाच. पण एकदम नको. मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट चिकटतो, वळताना गुडघा पिरगळतो. पहिले पंधरा दिवस नुसता फूटवर्क, पकडी नंतर. कोपर-गुडघ्याला पॅड बांधा, कातडी सोलते.

मैदानवाला: आधी टेप घेऊन जा. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर, मधल्या रेषेपासून बॉक रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटरवर, बोनस रेषा (जादा गुणाची) त्यापुढे १ मीटर. मॅटचे तुकडे १ × १ मीटरचे असतील तर नुसत्या मैदानालाच १३० लागतात, बाहेर १ मीटर पट्टा धरला तर १८०. बरेच ठिकाणी इथेच काटकसर होते आणि पकडीत खेळाडू थेट फरशीवर आपटतो. जुलैत एक तुकडा उचलून खाली हात फिरवा. ओल लागली तर समजा बुरशी येणार, तुकड्यांचे सांधेही सुटणार.

रेडर_७: आणि शेवटची एसटी किती वाजता, ते बघा! पोरं त्यावरच गळतात.

मैदानवाला: म्हणून कायमचं नको: पावसाळ्यात शहर, दिवाळीनंतर गावची माती. शिमग्याचे सामने मात्र देवळासमोरच ठेवा. ती गर्दी तिकीट काढून शहरात येणार नाही.