सिंकखालच्या ट्रॉलीत साफसफाईचं सामान – तुम्ही कुठे काय ठेवता?

रांगणाऱ्याची_आई
डोंबिवलीत वन बीएचके आहे, आणि साफसफाईचं झाडून सगळं सामान सिंकखालच्या ट्रॉलीत कोंबलेलं असतं. टॉयलेट क्लीनर, ब्लीच, भांड्यांचं लिक्विड, पितांबरी, डांबरगोळ्या, घासण्या, जुन्या बनियनची फडकी आणि बिसलेरीच्या बाटलीत भरलेलं सुटं पांढरं फिनाइल (दारावर कॅन घेऊन येतात ना, सासूबाई त्यांच्याकडून घेतात). बाळ आता रांगतंय आणि ट्रॉली ओढायला शिकलंय, त्यामुळे जीव सारखा टांगणीला. वर ट्रॉलीची स्टीलची जाळी गंजायला लागलीये, प्लंबरला दाखवलं तर म्हणाला गळती कुठेच नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, तिथे दुपारभर ऊन येतं. टॉयलेट-बाथरूम वेगवेगळे आहेत. नवीन कपाट करायला जागाही नाही आणि बजेटही नाही. काय कुठे हलवू?

लॅबवाला_ठाणे
ताई, प्लंबर बरोबर सांगतोय, हा गंज पाण्याचा नाही, बाटल्यांचा आहे. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण 10 टक्के, आणि झाकण नीट बसलं नाही की त्याची वाफ बाहेर येत राहते, बंद ट्रॉलीत ती जाणार कुठे, जाळीवरच बसते. क्लोराइड स्टेनलेस स्टीलला अजिबात सोसत नाही. बघा, बाटलीच्या तोंडाजवळच्या तारा जास्त खराब झाल्या असतील. ब्लीचचे ओघळ पण तेच करतात.
म्हणून आधी या दोन बाटल्या तिथून काढा, पण काढून एकत्र ठेवू नका! ॲसिड आणि ब्लीच (लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असतं) एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडची टॉयलेटं म्हणजे चार फुटांची खोली, एक छोटी खिडकी, तिथे घुसमटायला वेळ लागत नाही. दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं असं खूप जण समजतात, कृपया करू नका, कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा. अमोनियावालं काही असेल तर तेही ब्लीचपासून लांब.
ॲसिडवाली बाटली टॉयलेटमध्येच, उंच शेल्फवर, प्लॅस्टिकच्या टबमध्ये उभी. ब्लीच बाथरूममध्ये वर, सावलीत. ड्राय बाल्कनीत तर नकोच, उन्हाने आणि उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. पाण्यात कालवलेलं ब्लीच त्याच दिवशी वापरून संपवायचं.

मुलुंडच्या_काकू
बाळ रांगतंय ना, मग कमरेच्या खाली एकही बाटली नको गं. सिंकखाली फक्त घासण्या, फडकी आणि कचऱ्याच्या पिशव्या ठेव. भांड्यांचं लिक्विड ओट्यावर भिंतीकडे सारून ठेवायचं, पितांबरी वरच्या कप्प्यात. जिथलं काम तिथलं सामान, एवढं जमलं की निम्मा पसारा आपोआप कमी होतो. आणि जागा ठरवताना मावशींना सोबत घे, रोज हात त्यांचे लागतात, त्यांना न विचारता लावलेलं चार दिवसांत परत सिंकखाली येतं, हे मी घरोघरी बघितलंय.
झाडू, खराटा, मॉप सगळं हुकला टांगायचं. मॉप पिळून ड्राय बाल्कनीतच टांग, तुझं ते ऊन त्याला उत्तम, बादलीत ओला ठेवला की कुबट वास घरभर. भांड्यांची घासणी हिरवी, सिंकची निळी असं काहीतरी ठरवून टाक. टॉयलेट क्लीनर मार्बलवर किंवा कोट्यावर सांडू देऊ नकोस, पॉलिश गेलं की परत येत नाही.
आणि डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत तर बिलकुल नको.

रांगणाऱ्याची_आई
खूप खूप आभार दोघांचे 🙏 ॲसिडवाली बाटली आत्ताच हलवली. काकू, डांबरगोळ्यांचं का म्हणालात? बाळाच्या दुपट्यांत आहेत. आणि सुट्या फिनाइलचं काय करू, सासूबाईंना स्वस्त पडतं, त्यांना दुखवायचं नाहीये.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे म्हणून लिहितेय. डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थलीन. काही बाळांच्या अंगात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आई-बापाला पत्ताही नसतो, अशा बाळाला त्यात ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. दुपटी धुऊन कडक उन्हात वाळवा आणि गोळ्या घराबाहेर काढा.
फिनाइलबद्दल सासूबाईंना एवढंच दाखवा: पाणी प्यायच्या बाटलीत पांढरं फिनाइल आणि शेजारी एका बाटलीत ताक, लांबून फरक सांगा म्हणावं. मोठी माणसंही लाइट गेल्यावर चुकतात. घ्यायचंच असेल तर फिनाइलच्याच जुन्या डब्यात घ्या, मार्करने नाव लिहा. सुट्या मालाला लेबल नसतं, त्यामुळे त्यात नेमकं काय आहे ते आणीबाणीत डॉक्टरला सांगताच येत नाही, माझ्या मते तर बंदच करा.
देव न करो, पण बाळाच्या पोटात काही गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी तर मुळीच नाही. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते, फिनाइल उलटीतून फुप्फुसात जाऊ शकतं. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या आणि सरळ हॉस्पिटल. ॲम्ब्युलन्सला 108. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र फोनवर चोवीस तास सल्ला देतं, टोल फ्री 1800 116 117. फ्रिजवर लिहून चिकटवा.

रांगणाऱ्याची_आई
नंबर लिहिला. दुपटी भिजवली. ताकाचं सासूबाईंना वाचून दाखवलं, लगेच पटलं. आता ट्रॉली बदलावी लागेल का?

लॅबवाला_ठाणे
लगेच नको. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडी. लोखंडी तारेची घासणी मारू नका, तिचे कण अडकून तेच गंजतात. हिरव्या घासणीने हलकेच निघालं तर जाळी अजून बरीच वर्षं चालेल, तारेत खड्डे पडले असतील तर फक्त तेवढी बास्केट बदलून मिळते, अख्खी ट्रॉली नाही.