मदत हवी आहे: कांदा बाजारभावाचे शॉर्ट्स एआय एजंटकडून बनवताना आकडे बदलतात

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यातून लिहितोय. कांद्याच्या रोजच्या बाजारभावाचे मिनिटभराच्या आतले उभे व्हिडिओ टाकतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर, चाकण अशा बाजार समित्यांची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर; मागे यार्डात मीच केलेलं शूटिंग. आजवर सगळं मोबाईलवर, हाताने. आता लिलाव आटोपल्यावर आपोआप व्हावं म्हणून घरच्या जुन्या पीसीवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) एनएटएन (n8n, कामं एकामागे एक आपोआप चालवणारं टूल) टाकलं आणि त्याला एआय एजंट जोडला. एजंट पणन मंडळाच्या पानावरून दर उचलतो, स्क्रिप्ट लिहितो, टीटीएसकडून (लिहिलेलं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) आवाज घेतो आणि एफएफएमपेग हे व्हिडिओचं टूल सगळं जोडतं.

चालतं, पण आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' या यादीत वेगवेगळ्या नोंदी असतात. एजंट एकीचा दर दुसरीला लावतो. आजची नोंद अजून चढली नसेल तर कालचा दर आजचा म्हणून ठोकून देतो. आणि सुरुवातीचं वाक्य तर विचारू नका. एखाद्या वक्कलाला (मालाच्या एका लॉटला) मिळालेला कमाल दर धरून "कांद्याची मोठी उसळी!" लिहून मोकळा. सोलापूरला किमान-कमालमध्ये केवढं अंतर असतं, ते बाजारात जाणाऱ्याला माहीत आहे. हे ऐकून कोणी ट्रॅक्टर भरून निघाला तर शिव्या मलाच. 'आकडे बदलू नकोस' हे प्रॉम्प्टमध्ये लिहून झालं, तीनदा लिहून झालं. शेवटी प्रत्येक व्हिडिओ मीच ताडून बघतो, मग ऑटोमेशन कसलं?

शिवाय ड्रॉटेक्स्टने (एफएफएमपेगचं व्हिडिओवर मजकूर छापणारं फिल्टर) टाकलेली अक्षरं फुटतात ('क्विंटल'ची वेलांटी भलतीकडे, 'सर्वसाधारण'चा रफार सुटा), आणि आवाज १,८५० ला "एक, आठशे पन्नास" म्हणतो. अपलोड अजून हातानेच करतो, तेही एजंटकडे द्यावं का? दरमहा पैसे भरायला लावणारे उपाय शक्यतो नकोत.

प्रतिसाद:

दादा, आकडे एजंटच्या हातात द्यायचेच नाहीत. भाषा मॉडेल पुढचा शब्द जुळवतं, तक्ता राखणं हा त्याचा धर्म नाही, प्रॉम्प्ट कितीही दटावून लिहा. एनएटएनमध्ये साधा कोड नोड (आपला कोड चालवणारी पायरी) घ्या, पानावरचा तक्ता त्याने वाचावा. समितीचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, तारीख आजची पाहिजे, आणि किमान ≤ सर्वसाधारण ≤ कमाल हे बसलं पाहिजे. एक जरी अट चुकली तर ती समिती त्या दिवशी वगळायची. स्क्रिप्टचा साचा ठरलेला ठेवा, रिकाम्या जागी कोडने आकडे भरावेत. मॉडेलकडे फक्त कॅप्शन आणि हॅशटॅग, तेही आकड्यांशिवाय.

आवाजासाठी आकडा आधी शब्दांत करा. एक ते नव्व्याण्णवचे शब्द मराठीत नियमाने बनत नाहीत, त्यामुळे यादीच घालावी लागेल. आणि "एक हजार आठशे पन्नास" नको, "अठराशे पन्नास" करा. यार्डात तसंच बोलतात.

अक्षरं फुटतात ती फॉन्टमुळे नाही. तुमच्या बिल्डमधल्या ड्रॉटेक्स्टला हार्फबझची (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) जोड नसणार, म्हणून जोडाक्षरं जुळत नाहीत. एएसएस प्रकारची सबटायटल फाइल बनवा आणि एफएफएमपेगच्या सबटायटल्स फिल्टरने छापा. ते लिबॲस ही सबटायटल छापणारी लायब्ररी वापरतं, त्याला देवनागरी जमते. डॉकर कंटेनरच्या आत 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट टाकायला विसरू नका, पीसीवरचा फॉन्ट आत दिसत नाही.

आणखी एक प्रतिसाद:

अपलोडबद्दल. यूट्यूबवर २८ जुलै २०२० नंतर काढलेल्या आणि यूट्यूबचं ऑडिट न झालेल्या एपीआय (प्रोग्रॅमने व्हिडिओ चढवायची सोय) प्रोजेक्टमधून चढवलेला व्हिडिओ प्रायव्हेटच राहतो. एका चॅनलसाठी ऑडिटच्या मागे लागण्यापेक्षा हाताने चढवा, दोन मिनिटांचं काम. इन्स्टाग्रामला प्रोफेशनल खातं लागतं आणि व्हिडिओ इंटरनेटवर उघड्या पत्त्यावर ठेवावा लागतो किंवा रिझ्युमेबल अपलोडने फाइल थेट पाठवावी लागते. आधी इन्स्टाग्रामकडे त्या व्हिडिओचा 'कंटेनर' बनतो (डॉकरचा नव्हे), तो 'फिनिश्ड' झाला की मग पब्लिश. मध्ये थांबणारा नोड टाका.

कमाईचा विचार असेल तर यार्डातलं शूटिंग सोडू नका. जुलै २०२५ पासून यूट्यूबच्या कमाईच्या नियमांत एका साच्यातून काढलेल्या व्हिडिओंना 'इनऑथेंटिक' म्हटलंय. बनावटी चित्रं लावली तर तुमचे व्हिडिओ त्याच रांगेत जाऊ शकतात.

धागाकर्ता:

दोघांचे आभार. एएसएस करून बघितलं, 'क्विंटल' सरळ आला! एकच शंका. सुरुवातीचं वाक्यही साच्यातलंच ठेवलं तर रोज तेच ऐकून लोक पुढे सरकतील ना?

प्रतिसाद:

कालच्या आणि आजच्या सर्वसाधारण दरातला फरक कोडने काढा आणि त्यावरून वाढ, घट, स्थिर अशा तीन गटांतली आधी लिहून ठेवलेली वाक्यं आलटून पालटून लावा. गटागणिक दहा-बारा वाक्यं तुम्हीच लिहा, तुमच्या बोलीत. कमाल दर सुरुवातीला अजिबात नको. आणि "उसळी" हा शब्द यादीतूनच काढून टाका.