नती, नतिलंब आणि कवेलूचं घर

प्रश्न (वणीजवळून): बीएस्सीला भूशास्त्र घेतलंय. ‘नती’ म्हणजे डिप, ‘नतिलंब’ म्हणजे स्ट्राइक, हे पाठ आहे. पण नकाशावरची खूण पाहून खडकाचा थर जमिनीखाली कसा गेला, ते डोळ्यांपुढे उभं राहत नाही. हे शब्द आले कशावरून?

उत्तर: ‘नतमस्तक’ मधला ‘नत’ तोच हा. नम्, म्हणजे वाकणं. थर सपाट पातळीपासून किती अंश झुकला आणि कोणत्या दिशेला, ही नती.

ताई, आता कवेलूचं घर आठवा. पाख्यावर आढ्याला समांतर अशी कवेलूंची एक रांग धरा. तिच्यावरून बोट फिरवलं तर ना चढ लागतो, ना उतार. ती रेघ नतिलंब. पावसाचं पाणी तिला काटकोनात खाली धावतं, ती नतीची दिशा. नतीला लंब तो नतिलंब. शब्दातच व्याख्या आहे. ‘स्ट्राइक’ म्हटल्यावर यातलं काहीच कळत नाही.

घडी पडलेल्या थरांच्या नावांतले उपसर्गही बघा. ‘अप’ म्हणजे दूर, ‘अभि’ म्हणजे कडे. आढ्यापासून दोन्ही पाखी दूर झुकतात, ती अपनती. शेजारच्या दोन घरांची पाखी मधल्या पन्हळीकडे झुकतात, ती अभिनती.

प्रश्नकर्ती: हे पटलं, काका. पण आमच्याकडच्या खदानीत एकाच थराचा उतार दोन भिंतींवर वेगवेगळा दिसतो. खरा कोणता?

उत्तर: भिंत नतिलंबाला काटकोनात असेल तरच खरी नती दिसते. बाकी सगळ्या उभ्या भिंतींवर दिसते ती आभासी नती, आणि ती नेहमी कमीच भरते. खरी नती 30 अंश आणि भिंतीचा नतिलंबाशी कोन 30 अंश असेल, तर भिंतीवर जेमतेम 16 अंश दिसतात. भिंत नतिलंबालाच समांतर असली तर तोच थर अगदी आडवा वाटतो. माझी स्वतःची नजर याच ठिकाणी फार दिवस अडली होती. साध्या आणि हळदीच्या कणकेचे थर एकावर एक लावा, गोळा तिरपा धरा आणि वेगवेगळ्या दिशांनी सुरीनं उभा कापा. कापण्याआधी प्रत्येक बाजूला काय दिसेल ते कागदावर काढायचं, मग कापून ताडायचं.

आणखी एक उत्तर (बल्लारपूरहून): कोळशाच्या भूमिगत खाणीत काम केलंय. आम्ही ‘नतिलंब’ कधी म्हटलं नाही, पण चाललो रोज त्याच्यावरूनच. थराच्या उताराकडे जाणारी गॅलरी (खाणीतला बोगदा) ‘डिप’, तिचीच वरची बाजू ‘राइज’, आणि आडवी, जवळजवळ सपाट जाणारी ‘लेव्हल’. ही लेव्हल म्हणजेच तुमचा नतिलंब, ताई.