ल्युब्ल्याना, आईबाबांसोबत : गाडी घ्यावी की नको? (मदत हवी आहे, जरा घाईत)

ओसरीवरचा
नमस्कार मंडळी,
ल्युब्ल्यानाला (स्लोव्हेनियाची राजधानी) जायचं पक्कं झालंय. नदीला लागून हॉटेल मिळतंय, पण पैसे न कापता रद्द करायची मुदत उद्या रात्री संपते. म्हणून पटापट सांगा :
१. गाडी भाड्याने घ्यावी का?
२. ब्लेडचं तळं आणि पोस्तोय्नाची गुहा एका दिवसात उरकेल का?
३. खुद्द शहरात काय बघायचं? व्हिडिओंमध्ये सगळे तोच पूल आणि तेच ड्रॅगन दाखवतात.
"त्यापेक्षा स्वित्झर्लंडला जा" असं कृपया कोणी लिहू नका.

कडूकारलं
निघणार कुठून? कधी? किती जण? शीर्षकात आईबाबा आहेत आणि खाली त्यांचा मागमूस नाही. त्यांची वयं, चालण्याची ताकद, खाणंपिणं? की आम्ही पत्रिका मांडायची?

निवांत_नाना
अवश्य जा. आम्ही व्हिएन्नाहून गेलो होतो, गाडीने तास-सव्वा तास. डॅन्यूबवरच्या पुलाच्या टोकाला उडत्या तबकडीसारखं उपाहारगृह आहे, तिथून सगळं शहर दिसतं. गटाराच्या झाकणातून डोकं काढून बसलेल्या माणसाचा पुतळा आहे, त्याच्याजवळ फोटो काढा. देवीनचा किल्ला चुकवू नका. एक दिवस रग्गड.

कडूकारलं
नाना, ते ब्रातिस्लावा. स्लोव्हाकिया. इथे स्लोव्हेनियाची चर्चा चालू आहे.

निवांत_नाना
असेल. पण किल्ला खरंच चांगला आहे.

ओसरीवरचा
म्यूनिकहून निघणार. ३० ऑक्टोबरला शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, २ नोव्हेंबरला सोमवारी परत. मी, बायको आणि आईबाबा. बाबा ६९, ठणठणीत. आईचे गुडघे कुरकुरतात, जिने नकोत, सपाटीवर चालते. आई शाकाहारी. दोघं वसुबारसेच्या आत पुण्यात पोचणार आहेत, त्यामुळे तारखा हलणार नाहीत. आता मुद्द्याचं बोलूया का?

तिवोलीतली_खार
शिकायला ल्युब्ल्यानात होते, म्हणून लिहितेय. तुमच्या तारखाच खरी गोम आहे. ३१ ऑक्टोबर म्हणजे रिफॉर्मेशन डे (प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा दिवस) आणि १ नोव्हेंबर म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस. दोन्ही सरकारी सुट्ट्या, त्यात दुसरी रविवारीच आलीय. २०२० च्या कायद्यापासून तिथली दुकानं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतात. पेट्रोलपंप, स्टेशन वगैरे ठिकाणची आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी काही छोटी दुकानं तेवढी उघडी. म्हणजे दूध, ब्रेड, फळं, जे काय लागेल ते शुक्रवारीच भरून ठेवा. उपाहारगृहं चालू असतात, उपाशी राहणार नाही. बरीच संग्रहालयं १ तारखेला बंद, आणि सोमवारी तर नेहमीच बंद. मध्यवर्ती बाजारही सुट्टीला भरत नाही. शनिवारचा बाजार तिथे सगळ्यात मोठा, पण तुमचा शनिवार नेमका सुट्टीचा.

आणखी एक. त्या दिवसांत पाचच्या आत सूर्य मावळतो. सकाळी सगळं खोरं धुक्यात असतं, कधीकधी दुपारपर्यंत. दोन ठिकाणं एका दिवसात कोंबलीत तर दुसरं अंधारात बघाल.

ओसरीवरचा
हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. धन्यवाद. मग गाडी असली तर वेळ वाचेल ना?

बायर्नचा_बाळू
गाडी चालवणार कोण? लायसन्स जर्मन की भारतीय?

ओसरीवरचा
भारतीय. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट आहे. इथे येऊन वर्ष होत आलं.

बायर्नचा_बाळू
मग विषय संपला. जर्मनीत रहिवास घेतल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, पुढे नाही. परमिट जोडलं तरी नाही. म्यूनिकमधून गाडी काढलीत की तिथेच विनापरवाना. अपघात झाला तर विमावाले आधी तेच बघतील.

रानोमाळ
बाळू, घाबरवू नका. माझा मित्र भारतीय लायसन्सवर सगळं क्रोएशिया फिरला, कोणी अडवलं नाही.

बायर्नचा_बाळू
मित्र पुण्याहून पर्यटक म्हणून आला होता की जर्मनीत राहणारा होता? सगळा फरक तिथे आहे. अडवलं नाही म्हणजे कायदेशीर झालं असं नसतं. शिवाय महामार्गांसाठी ऑस्ट्रियाचा टोल-स्टिकर वेगळा, कारावांकेन बोगद्याचा टोल वेगळा, स्लोव्हेनियाचं ई-विन्येट (ऑनलाइन टोल-स्टिकर) वेगळं. ते नसेल तर दंड ३०० युरोपासून पुढे.

तिवोलीतली_खार
लायसन्स असतं तरी मी नको म्हटलं असतं. जुन्या शहराचा गाभा २००७ पासून गाड्यांना बंद करत आणलाय. हॉटेल नदीकाठी म्हणताय, म्हणजे टॅक्सीसुद्धा दारात येईलच असं नाही. हॉटेलला आजच लिहून विचारा : टॅक्सी कुठवर येते, तिथून दार किती पावलांवर, आणि लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट गृहीत धरू नका. गुडघ्यांसाठी हा प्रश्न ब्लेडपेक्षा मोठा आहे.

आत फिरायला 'कावालिर' नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या आहेत, नगरपालिकेच्या, फुकट. दिसली की हात करायचा किंवा फोन करून बोलवायची. शहरबसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, उर्बाना कार्ड घ्या.

मेतकूट_भात
छोटा कुकर न्या. इंडक्शनवर चालणारा न्या. आमच्या अपार्टमेंटात इंडक्शन होतं आणि आमचा कुकर अॅल्युमिनियमचा. चार दिवस खाकरे.

ओसरीवरचा
कुकरचं नंतर बघू. हॉटेलमध्ये स्वयंपाकघर नाहीये. पण आईला बाहेर काय मिळेल ते सांगा.

तिवोलीतली_खार
श्त्रुक्ली मागा. पातळ पिठाच्या पोळीत ताजं चीज, अक्रोड किंवा तारागॉन भरून गुंडाळतात आणि उकडतात. वरून लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा. आईंना नक्की आवडेल. कुट्टूच्या पिठाच्या उकडीला ओत्स्विर्की घालतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, तेव्हा "ओत्स्विर्की नको" हे आधी सांगा. योता नावाचं आंबट कोबीचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात बहुधा धुरावलेलं मांस पडतं. गोडात अक्रोडाची पोतित्सा. पाणी बाटलीतलं विकत घेऊ नका. नळाचं उत्तम आहे, आणि २०१६ पासून पिण्याच्या पाण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेतच आहे.

शुक्रवारी वेळेत पोचलात तर बाजाराजवळच्या चौकात 'ओद्प्रता कुह्ना' भरते, खुल्यावर खाण्याचे गाडे. हंगाम ऑक्टोबरपर्यंतच, आणि पाऊस असला की नसते.

गुहेतला_वाघ
ब्लेड म्हणजे पोस्टकार्ड. पोस्तोय्ना म्हणजे जत्रा, गुहेत चक्क आगगाडी. खरी गुहा बघायची तर श्कोत्सियान. १९८६ पासून जागतिक वारसा यादीत. जमिनीखाली नदीची अख्खी दरी आहे, तिच्यावर टांगल्यासारखा पूल, आणि खाली अंधारात पाण्याचा नुसता आवाज. रेल्वेने दिवाचाला उतरा.

कडूकारलं
किती पायऱ्या आहेत त्या श्कोत्सियानला?

गुहेतला_वाघ
पाचशेच्या आसपास. पण सावकाश गेलं तर जमतं.

कडूकारलं
त्यांच्या आईचे गुडघे दुखतात असं ते वर स्वच्छ लिहितायत. तुम्ही जा हो सावकाश.

पंढरीची_वारी
आगगाडीची टिंगल कशाला? १८७२ पासून त्या गुहेत रूळ आहेत, आणि आमच्यासारख्यांना त्या रुळांमुळेच गुहा बघता येते. गाडी आत नेते, मधे दीडेक किलोमीटर चालायचं, मग गाडी बाहेर आणते. वाट बांधलेली आहे, पण चढउतार आणि ओल आहे, तेव्हा काठी न्या. आत बारमाही दहाच्या आसपास तापमान, स्वेटर हवाच. अंधारात राहणारा, फिकट गुलाबी, डोळे जवळजवळ नसलेला तो प्राणी (प्रोटिअस) टाकीत ठेवलाय. काचेला नाक लावून उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, मग दगडाखालून बोटभर शेपूट हलते. ह्यांनी तिथे पाऊण तास काढला.

पोस्तोय्ना स्टेशनपासून गुहा दोनेक किलोमीटर लांब आहे, आणि रविवारी बसचा भरवसा नाही. तिथे टॅक्सी धरा.

वीटकाम
प्रश्न तीनचं उत्तर कोणीच देत नाहीये. त्या शहरात बघायचं ते एकाच माणसाचं काम : वास्तुकार योझे प्लेचनिक. १८९५ च्या भूकंपानंतर शहर नव्याने उभं राहिलं, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ह्या माणसाने त्याला आजचा चेहरा दिला. व्हिडिओतला "तोच पूल" म्हणजे त्रोमोस्तोव्ये. मधला दगडी पूल १८४२ चा. तो पाडून रुंद करण्याऐवजी प्लेचनिकने दोन्ही बाजूंना तिरके पादचारी पूल जोडले. १९३२ साली काम पुरं. बाजाराची खांबांची ओळ त्याची, नदीकाठच्या पायऱ्या त्याच्या, राष्ट्रीय ग्रंथालयही त्याचंच. ग्रंथालय बंद असलं तरी दारापर्यंत जा. मुठीला घोड्याचं डोकं आहे, लोकांच्या हातांनी घासून चकचकीत झालेलं. विटा आणि ओबडधोबड दगड एकाच भिंतीत कसे बसवलेत ते हात लावून बघा. २०२१ मध्ये ही सगळी कामं जागतिक वारसा यादीत आली.

आणि १ तारखेच्या संध्याकाळी 'झाले'ला जाच.

ओसरीवरचा
झाले काय आहे? किल्ला?

वीटकाम
दफनभूमी. प्रवेशाची दुमजली खांबांची कमान आणि आत बागेत विखुरलेली निरोपाची छोटी प्रार्थनामंदिरं प्लेचनिकची, १९४० साली पुरी झाली. १ नोव्हेंबरला सगळं शहर तिथे फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येतं.

रानोमाळ
म्हातारे आईबाप सहलीला आलेत आणि त्यांना स्मशानात न्यायचं? धन्य आहे.

वीटकाम
सर्वपित्रीला आपण काय करतो?

रानोमाळ
घरात पान वाढतो. तिकीट काढून दुसऱ्याच्या पितरांकडे जात नाही.

तिवोलीतली_खार
भांडू नका. मी त्या संध्याकाळी तिथे गेलेय. काचेच्या लाल दिव्यांच्या रांगा असतात, लोक हळू आवाजात बोलतात, लहान मुलं दिवे लावतात. भयाण काही नाही. वाट सपाट आहे, बस तिथवर जाते. कॅमेरा मात्र खिशात ठेवा, लोक घरच्यांना भेटायला आलेले असतात. नेण्याआधी आईबाबांनाच विचारा ना.

ओसरीवरचा
आत्ताच विचारलं. बाबा हो म्हणाले. आई म्हणाली, "दिवे लावायचे असतील तर येते, नुसतं बघायला नको." चार दिवे कुठे मिळतात?

तिवोलीतली_खार
त्या दिवशी दफनभूमीच्या बाहेरच विकायला असतात. कोणाच्या थडग्यावर लावू नका, क्रूसापाशी सगळ्यांसाठी लावतात तिथे ठेवा.

निवांत_नाना
किल्ल्याला जायला डोंगरावर गाडी आहे का पण? ल्युब्ल्यानाच्या.

तिवोलीतली_खार
आहे नाना, ह्या वेळी बरोबर शहर. क्रेकोव चौकातून काचेची फ्युनिक्युलर मिनिटाभरात वर नेते. किल्ल्याचं अंगण फुकट. मनोऱ्यावर पायऱ्या आहेत, आईंनी अंगणातच कॉफी घ्यावी.

माझ्या मते असं करा. शनिवारी उठून खिडकीतून बघा. आकाश मोकळं असेल तर ब्लेडची बस धरा, सव्वा-दीड तास. मात्र वेळापत्रकातली सुट्टीच्या दिवसाची रांग वाचा, फेऱ्या कमी असतात. तळ्याकाठची वाट सपाट आहे, पूर्ण फेरी सहा किलोमीटर, आईंनी पाहिजे तेवढी करावी. बेटावर नाव नेते, पण चर्चला ९९ पायऱ्या. त्या काठावर क्रेमश्निता (तिथली क्रीमची पेस्ट्री) खात बसतील. धुकं किंवा पाऊस असेल तर सरळ पोस्तोय्ना, गुहेत हवामान एकच. दोन्ही नको. रविवार पूर्ण शहराला : नदीकाठ, किल्ला, संध्याकाळी झाले.

बायर्नचा_बाळू
येण्याजाण्याला म्यूनिकहून व्हिलाखमार्गे थेट युरोसिटी रेल्वे आहे, सहा-सात तास. ती लेस्त्से-ब्लेडला थांबते, म्हणजे ब्लेड परतीच्या वाटेवरही करता येईल. मात्र मार्गावर कामं निघाली की मधे बस लावतात, त्या तारखेचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.

आणि चौघांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही. तुमचं आणि वहिनींचं रहिवासाचं कार्डही. शेंगेन असलं तरी स्लोव्हेनियातून ऑस्ट्रियात आणि ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना तपासणी असते. पोलीस डब्यात चढतात.

कडूकारलं
परतीला चार बॅगा घेऊन ब्लेडला उतरवणार का त्यांना? सामान कुठे ठेवायचं?

बायर्नचा_बाळू
पर्याय सांगितला. सक्ती नाही.

ओसरीवरचा
ठरलं. गाडी नाही, रेल्वे. हॉटेलचं उत्तर आलं : लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते. खाली चौदा पायऱ्या. आता ह्याला काय म्हणायचं?

तिवोलीतली_खार
रद्द करा. उद्या रात्रीपर्यंत वेळ आहे. मिक्लोशिचेवा रस्त्यावर, स्टेशन आणि प्रेशेरेन चौकाच्या मधे शोधा. दोन्हीकडे पाच-सात मिनिटं, सगळं सपाट. जाता-येता लाल-निळ्या नक्षीची जुनी सहकारी बँकही दिसेल.

गुहेतला_वाघ
चौदा पायऱ्या नको म्हणता, मग श्कोत्सियान राहू दे. पण मुलगा आणि सूनबाई सोमवारी पहाटे जाऊन येऊ शकतात.

कडूकारलं
सोमवारी त्यांची परतीची गाडी आहे हो.